पहिली लेन्स घेताना: कोल्हापुरातल्या नवख्या फोटोग्राफरसाठी

किट लेन्ससकट (सोबत येणारी १८-५५ ची साधी झूम) कॅमेरा घेतला, रंकाळ्यावरचे सूर्यास्त काढून झाले, आता पुढची लेन्स कोणती? हा प्रश्न पडलेल्यांसाठी हे लिहितोय. जाणत्या माणसाला विचारायला जाल तर गोंधळ वाढतो. एक जण म्हणतो, "डोळे झाकून फिफ्टी घे." लग्नाची कामं करणारा सांगतो, सेव्हंटी-टू हंड्रेडशिवाय भागत नाही. दाजीपूरला गव्यांच्या मागं फिरणारा सहाशेच्या खाली बोलायलाच तयार नसतो. (हे आकडे म्हणजे लेन्सची मिलीमीटरमधली फोकल लेंथ; आकडा मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं.) सगळे खरंच सांगतात, पण आपापल्या जागेपुरतं. प्रत्येकाची आवडती लेन्स तो कुठं उभा राहतो आणि तिथं उजेड किती असतो यावर ठरलेली असते. तेव्हा त्यांची लेन्स विचारण्याआधी आपली जागा कुठली ते शोधायचं. त्याचा क्रम असा.

१. आधी स्वतःचे जुने फोटो तपासा

दुकानात जाण्याआधीचं हे काम फुकटात होतं आणि बहुतेक जण तेच टाळतात. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये फोकल लेंथ, शटर स्पीड (उजेड किती वेळ आत घेतला), अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं होतं) आणि आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवला) नोंदलेलं असतं. विंडोजच्या फोल्डरमध्ये डिटेल्स व्ह्यू लावून फोकल लेंथचा रकाना जोडा आणि त्यावर क्रम लावा. लाइटरूम हे फोटोंचं सॉफ्टवेअर असेल तर फिल्टर लावून आणखी लवकर कळतं.

आता फक्त आवडलेले फोटो बघा. त्यातले बहुतेक ५५ वर काढलेले आणि नंतर कापून मोठे केलेले असतील, तर तुम्हाला लांबची लेन्स हवी आहे. १८ वर असतील आणि काढताना पाठ भिंतीला टेकली होती असं आठवत असेल, तर वाइड, म्हणजे जास्त रुंद दृश्य घेणारी. आणि कुठल्याही आकड्यावर असोत, पण शटर १/२० सेकंद आणि आयएसओ ६४०० दिसत असेल, तर तुमची अडचण अंतराची नाही, उजेडाची आहे. अशा वेळी आणखी एक झूम घेतली तर पैसे वाया.

अंदाज पक्का करायला एक जुनी युक्ती आहे: झूमची रिंग ३५ च्या खुणेवर चिकटपट्टीनं बांधून टाका आणि आठवडाभर तसेच फिरा. कुठं पुढं जावंसं वाटतं आणि कुठं मागं, ते पायच सांगतात.

२. उजेडाचा आणि अंतराचा हिशोब करा

उदाहरण तालमीचं घेऊ, कारण कोल्हापुरात कॅमेरा घेतलेला प्रत्येक जण कधी ना कधी तालमीत जातोच. पहाटेची वेळ, वर एखादी ट्यूबलाइट, खाली लाल माती. किट लेन्स ५५ वर एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा लहान, तितकं तोंड मोठं). एफ १.८ ची लेन्स तिच्या जवळपास दहापट उजेड आत घेते. म्हणजे जिथं किट लेन्सवर १/२० मिळत होता, तिथं त्याच आयएसओवर १/२०० मिळतो. १/२० वर डाव टाकणाऱ्या पैलवानाचा नुसता पट्टा उमटतो. १/२०० वर निदान चेहरा आणि हाताची पकड धरता येते. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन इथं कामाचं नाही. ते तुमचा हात स्थिर करतं, पैलवानाला नाही.

आता अंतर. तुमचा कॅमेरा बहुधा क्रॉप सेन्सरचा आहे, म्हणजे त्यातला फोटो उमटणारा सेन्सर ३५ एमएम फिल्मच्या चौकटीपेक्षा (म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा) लहान आहे. निकॉन, सोनी आणि फुजीला दीडपट, कॅननला १.६ पट असा त्याचा गुणक; लेन्सचा आकडा त्यानं गुणला की ती फुल-फ्रेमवरच्या कुठल्या लेन्ससारखी वागते ते कळतं. त्यावर आडव्या फ्रेममध्ये उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत बसवायचा, तर ५० एमएम लेन्सला जवळपास सहा मीटर मागं सरावं लागतं. ३५ ला चार मीटर पुरतात. आखाड्याच्या कडेला, भिंत आणि माती यांच्यामधल्या पट्टीवर सहा मीटर कुठून आणणार?

म्हणून माझं मत थोडं वेगळं आहे: क्रॉप बॉडीवर (बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) पहिली प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, ३५ घ्या, ५० नव्हे. फिफ्टीची कीर्ती ३५ एमएम फिल्मच्या काळातली, म्हणजे आजच्या भाषेत फुल-फ्रेमवरची. फ्रेंच फोटोग्राफर हेन्री कार्तिए-ब्रेसाँनं आयुष्यभर मुख्यतः ५० एमएम वापरली ती लायका या फिल्म कॅमेऱ्यावर. तीच नजर क्रॉप बॉडीवर ३५ देते. ५० लावली की ती ७५-८० सारखी वागते. चेहऱ्यांना उत्तम, पण महाद्वार रोडवरच्या गर्दीत किंवा गुजरीतल्या छोट्या पेढीत कोंडल्यासारखं होतं.

३. कुणाला कुठली लेन्स का आवडते ते समजून घ्या

*५० एमएम एफ १.८.* एवढी स्वस्त लेन्स एवढी चांगली कशी, असं सगळे विचारतात. तिच्या काचांची रचना जुनी आणि घोटलेली आहे. पॉल रुडॉल्फनं १८९६ मध्ये त्साइस या जर्मन कंपनीसाठी प्लानार लेन्स आखली, त्याच घराण्यातली ही. अ‍ॅपर्चरच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारखी काचरचना, त्यामुळे बरेच दोष एकमेकांना खोडून काढतात. कॅननच्या फिफ्टीत फक्त सहा काचा आहेत. २०१५ ला आलेली एसटीएम आवृत्ती १६० ग्रॅमची आहे आणि माउंट (कॅमेऱ्यात बसणारी कडी) धातूचा. तिच्या आधीच्या आवृत्तीचा माउंट प्लॅस्टिकचा होता, जुनी घेताना लक्षात ठेवा. फुल-फ्रेम असेल तर डोळे झाकून घ्या. क्रॉप असेल आणि तुम्ही मुख्यतः माणसांचे चेहरे काढत असाल, तरीही घ्या.

*३५ एमएम एफ १.८.* निकॉनची डीएक्स ३५ २०० ग्रॅमची आहे आणि क्रॉपसाठीच बनवलेली. तालीम, गुऱ्हाळ, घरातलं हळदीचं कार्य, चपलांच्या कारागिराची बसायची जागा, अशा ठिकाणी ही लेन्स पैसे वसूल करून देते. कारागिराशी बोलत बोलत फोटो काढता येईल एवढ्या अंतरावरून ती काम करते, हे मला तिचं सगळ्यात मोठं मोल वाटतं. लांबून चोरून काढलेल्या फोटोत आणि समोर बसून काढलेल्या फोटोत फरक दिसतोच.

*८५ आणि १०५.* चेहऱ्यासाठी लोक यांच्या प्रेमात का पडतात? लेन्समुळे नाक लहान-मोठं होत नाही, अंतरामुळे होतं. १८ एमएमवर चेहऱ्यानं फ्रेम भरायला तुम्ही हातभर अंतरावर जाता आणि नाक पुढं येतं. ८५ वर दोन-तीन पावलं मागं राहता, मग चेहरा आपल्याला रोज दिसतो तसा येतो, मागचा गोंधळही विरघळतो. स्टीव्ह मॅक्करीनं १९८४ मध्ये काढलेला हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो निकॉनच्या १०५ एमएम एफ २.५ वरचा आहे. लग्नातले आपले फोटोग्राफर नवरीच्या फोटोसाठी बॅगेतून ८५ काढतात ते याच कारणानं. क्रॉपवर मात्र ती १३० च्या आसपास जाते. घरातल्या खोलीत जमणार नाही, कार्यालयाच्या अंगणात जमेल.

*७०-२०० एफ २.८.* वजन दीड किलोच्या घरात, किंमत बॉडीपेक्षा जास्त. स्टेजपुढं न लुडबुडता सप्तपदी टिपायची तर हिला पर्याय नाही. पण नवख्यानं ही विकत घेऊ नये. शाहू स्टेडियमवरची फुटबॉलची मॅच दुपारच्या उन्हात असते. तिथं ५५-२५० किंवा ७०-३०० ची साधी, एफ ५.६ ची झूमही पुरते. पाटाकडील आणि दिलबहार या संघांचे पाठीराखे टिपायचे असतील तर तेवढंही लागत नाही.

*१५०-६००.* सिग्माची कंटेम्पररी १.९ किलोची, निकॉनची २००-५०० तर २.३ किलोची. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात सकाळी उजेड कमी असतो आणि एफ ६.३ ला तो आणखी कमी पडतो. गवा मोठा प्राणी आहे, ३०० वरही चांगला येतो. ६०० लागते ती पक्ष्यांना. जंगलात जाणार असाल तर प्रवेशाची आणि कॅमेऱ्याची पावती आधी करा, ओळखपत्र जवळ ठेवा. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं.

*मॅक्रो.* टॅमरॉनची ९० आणि कॅननची १०० या दोन्ही वस्तूचा सेन्सरवर प्रत्यक्षातल्या एवढाच आकार उमटवतात. पावसाळा सरताना मसाई पठारावरची फुलं, साज किंवा ठुशीचं नक्षीकाम, चपलेची वेणी, यासाठी. पोर्ट्रेटलाही चालते, म्हणून एका दगडात दोन पक्षी मारणाऱ्यांची ही लाडकी.

*जुन्या हाताच्या लेन्स.* हेलिओस ४४-२ ही सोव्हिएत काळातली ५८ एमएम लेन्स, मागच्या झाडीची गरगर फिरल्यासारखी नक्षी करते. हौस म्हणून झकास. फोकस हातानं करावा लागतो. मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) आणि कॅनन डीएसएलआरवर (आरसा असलेला) साध्या अ‍ॅडॅप्टरनं बसते. निकॉन डीएसएलआरवर मात्र साधा अ‍ॅडॅप्टर लावला की लांबचा फोकस मिळत नाही. पहिली लेन्स म्हणून नको.

अंबाबाईच्या किरणोत्सवासाठी कुठली लेन्स, हा प्रश्न नेहमी येतो. कुठलीच नाही. मंदिरात आपल्याला फोटो काढायची परवानगी नसते. हात जोडा आणि बघा.

४. माउंट आणि मोटर जुळते का बघा

लेन्स बसली म्हणजे चालली असं नाही. नवख्यांचे सगळ्यात जास्त पैसे इथं बुडतात, म्हणून एकेक नीट वाचा.

- निकॉन डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नाही. तिथं "एएफ-डी" ही स्वतःची मोटर नसलेली जुनी लेन्स बसते, पण फोकस हातानं करावा लागतो. स्वस्तात मिळणारी ५० एमएम १.८ डी घेऊन पस्तावणारे याच कारणानं पस्तावतात. नावात "एएफ-एस" आहे का बघा, त्यात मोटर लेन्समध्येच असते.
- "एएफ-पी" ही नव्या मोटरची लेन्स डी९०, डी३००० यांसारख्या जुन्या बॉडीवर फोकसच करत नाही, हातानंसुद्धा नाही.
- निकॉनच्या मिररलेसवर एफटीझेड अ‍ॅडॅप्टर लावला तरी एएफ-डी लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही. एएफ-एसचा चालतो.
- कॅननची ईएफ-एस, म्हणजे क्रॉपसाठी बनवलेली लेन्स, फुल-फ्रेम डीएसएलआरवर बसत नाही. ईएफ आणि ईएफ-एस दोन्ही लेन्स अ‍ॅडॅप्टर लावून आर मालिकेच्या मिररलेसवर व्यवस्थित चालतात. उलटं, म्हणजे मिररलेसची आरएफ लेन्स डीएसएलआरवर, कधीच नाही.

दुकानदार "बसती की!" म्हणाला तर स्वतःची बॉडी पुढं करा आणि फोकस करून दाखवायला सांगा.

५. विकत घेण्याआधी भाड्यानं वापरा

लग्नसराई सोडून घ्या, तेव्हा लेन्स मोकळ्या असतात आणि भाडंही बोलता येतं. एका सुट्टीला घेऊन ज्या ठिकाणी तुम्ही खरंच फोटो काढता तिथंच वापरा, घराच्या गच्चीवर नाही.

साधारणपणे हे लागतं: आधार कार्डाची प्रत, पत्त्याचा पुरावा म्हणून वीजबिल, अनामत रक्कम, आणि नवीन असाल तर ओळखीचा एखादा फोटोग्राफर. लेन्स हातात घेतल्याबरोबर दुकानातच मोबाइलवर व्हिडिओ काढा: पुढची काच, मागची काच, माउंट, सिरियल नंबर. परत देताना "हा ओरखडा आधी नव्हता" हा वाद त्या अर्ध्या मिनिटात मिटतो.

६. जुनी लेन्स पारखून घ्या

पहिली लेन्स वापरलेली घ्यायला काहीच हरकत नाही, उलट मी तेच सुचवेन. चांगली प्राइम वापरून पुन्हा विकली तरी फारसा तोटा होत नाही. सोबत न्यायच्या वस्तू: स्वतःची बॉडी, चार्ज केलेली बॅटरी, रिकामं कार्ड, छोटी टॉर्च, ब्लोअर (धूळ उडवायचा रबरी फुगा), शक्य असेल तर लॅपटॉप. विक्रेत्याला दिवसाउजेडी भेटा.

टॉर्च लेन्सच्या एका टोकातून तिरकी मारा आणि दुसऱ्या टोकातून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, सौदा तिथंच थांबवा. "साफ करून मिळते" हे खरं असलं तरी बुरशीनं कोटिंग (काचेवरचा पातळ थर) खाल्लं असेल तर ते परत येत नाही. चार-दोन धुळीचे कण दिसले तर घाबरू नका, फोटोत दिसत नाहीत. पुढच्या काचेवरचा एखादा बारीक ओरखडाही चालतो. मागच्या काचेवरचा चालत नाही, तो चित्रात उतरतो.

मग अ‍ॅपर्चरच्या पात्या बघा, तेलकट चकाकत असतील तर त्या हळूहळू चिकटायला लागतात. फोकस जवळून लांब, लांबून जवळ असा दहा-बारा वेळा करा आणि कान देऊन ऐका. करकर आली किंवा मध्येच अडकली तर नको. झूम असेल तर लेन्स खाली तोंड करून धरा, नळी आपोआप घसरते का बघा.

शेवटची परीक्षा वर्तमानपत्राची. 'पुढारी'चं किंवा 'सकाळ'चं उघडं पान भिंतीवर सपाट चिकटवा, समोर सरळ उभं राहून लेन्स पूर्ण उघडी ठेवून फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. सगळे कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा धुरकट असेल तर आतली काच तिरकी झालेली आहे, लेन्स पडली असणार.

कागद: मूळ जीएसटी बिल, त्यावरचा सिरियल नंबर लेन्सवरच्या नंबराशी जुळतो का, वॉरंटी कार्ड, विक्रेत्याच्या ओळखपत्राची प्रत आणि "विकली, पैसे मिळाले" असं दोन ओळींचं सहीचं पत्र. पैसे यूपीआयनं द्या, नोंद राहते. नवी लेन्स बिलाशिवाय स्वस्तात देतो म्हणणारा भेटला तर ती ग्रे मार्केटची समजा. तिला भारतातली कंपनीची वॉरंटी मिळत नाही.

७. गुलाल, वाफ आणि पाऊस

जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठ्या नाचायला लागल्या की गुलालाचा नुसता धुरळा उडतो. अशा वेळी बाहेर येणारी-आत जाणारी झूम सायकलच्या पंपासारखी काम करते: प्रत्येक वेळी हवा आत ओढते आणि हवेबरोबर गुलाल. त्या दिवशी प्राइम लावून जा, किंवा झूमवर प्लॅस्टिकची पिशवी रबरबँडनं बांधा. गर्दीत लेन्स अजिबात बदलू नका. पट्टणकोडोलीच्या भंडाऱ्यालाही हाच नियम. घरी आल्यावर आधी ब्लोअर, मग कोरडा मऊ ब्रश, आणि सगळी पूड गेल्यावरच कापड. ओल्या फडक्यानं पुसायला गेलात तर रंग रिंगांच्या खाचांत जाऊन बसतो.

गुऱ्हाळात वेगळीच गंमत. थंडीच्या पहाटे बाहेरून आत शिरलात की काहिलीच्या वाफेनं काच क्षणात पांढरी होते. पुसत बसू नका. चुलवाणापासून लांब, दाराशी दहा-पंधरा मिनिटं लेन्स तशीच राहू द्या, काच गरम झाली की धुकं जातं. तोवर गुळव्याशी बोलून घ्या. काकवी मिळाली तर नाही म्हणू नका.

त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगा घाटावर जाणार असाल तर पुढचा यूव्ही फिल्टर (संरक्षणासाठी लावलेली काच) काढून ठेवा. पणत्यांचा उजेड सेन्सरवरून उलट फिल्टरच्या सपाट काचेवर आदळतो आणि फोटोत काळ्या आकाशात उलट्या पणत्या तरंगताना दिसतात. स्वस्त फिल्टरला हा रोग जास्त. इतर वेळी संरक्षणाला लेन्स हूड (पुढं लावायची कडी) पुरेसा असतो. तो बाजूचा उजेडही अडवतो आणि धक्काही खातो.

आणि पावसाळा. इथं जूनपासून चार महिने कपाटातल्या कपड्यांना वास येतो, तिथं लेन्सला बुरशी लागणारच. कातडी पाकिटात किंवा कॅमेऱ्याच्या बॅगेत लेन्स महिनोन् महिने ठेवू नका. ड्राय कॅबिनेट (हवा कोरडी ठेवणारं कपाट) परवडत नसेल तर रबराची कड असलेला मोठा हवाबंद डबा घ्या, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक टाका. काटा ४० ते ५० टक्क्यांवर राहिला पाहिजे. ३० च्या खाली गेला तर सिलिका कमी करा, फार कोरडी हवा आतल्या ग्रीसला आणि रबराला मानवत नाही. सिलिकाच्या दाण्यांचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येतात. डब्यात तांदूळ टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्याची पूड लेन्सवर बसते. बुरशीचा संशय असलेली लेन्स त्या डब्यात बाकीच्यांसोबत ठेवू नका. दर आठवड्याला प्रत्येक लेन्स बाहेर काढून थोडी वापरा, झूम आणि फोकस फिरवा, खिडकीपाशी तासभर उजेड लागू द्या. मात्र पुढचं झाकण काढून लेन्स थेट उन्हात ठेवू नका. लेन्स ऊन एका बिंदूवर गोळा करते आणि अ‍ॅपर्चरच्या पात्या किंवा खालचा टेबलक्लॉथ जळतो.